नोकरी सांभाळून ऑनलाइन नर्स प्रॅक्टिशनर होता येईल का?

प्रश्न (धारणी, मेळघाट): मी जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिसेवेची पदविका घेतलेली परिचारिका) असून उपकेंद्रात काम करते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वेदनेने कळवळणारे मूल समोर येते आणि डॉक्टर दूर असतात, तेव्हा आपले शिक्षण अपुरे असल्याचे तीव्रतेने जाणवते. अमेरिकेतील फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचा (रुग्ण तपासून औषधे लिहून देऊ शकणाऱ्या प्रगत परिचारिकेचा) अभ्यासक्रम येथूनच करता येईल का?

उत्तर (सेवानिवृत्त परिचर्या शिक्षिका, यवतमाळ): ताई, त्यातील सैद्धान्तिक भाग ऑनलाइन शिकता येतो, मात्र प्रवेशासाठी साधारणपणे तिथला परिचारिकेचा परवाना लागतो, तो मिळवण्यासाठी एनक्लेक्स परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते आणि शेकडो तासांचे प्रात्यक्षिक प्रत्यक्ष रुग्णांसोबतच पूर्ण करावे लागते. शिवाय त्या पदवीने आपल्याकडे औषधे लिहून देण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधील (अतिदक्षता सेवेतील) नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम २ वर्षांचा आहे, पण तो रुग्णालयात प्रत्यक्ष काम करतच पूर्ण करायचा असतो आणि त्याआधी बी.एस्सी. नर्सिंग हवे.

उत्तर (समुदाय आरोग्य अधिकारी, गडचिरोली): तुमच्या कामाला सर्वांत जवळचा मार्ग मला ६ महिन्यांच्या सामुदायिक आरोग्य प्रमाणपत्राचा वाटतो, कारण त्यानंतर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमणूक झाल्यास रक्तदाब, मधुमेह, गरोदर मातांची तपासणी ही कामे उपकेंद्रात अधिकाराने करता येतात. कोणत्याही खासगी ऑनलाइन संस्थेत पैसे भरण्यापूर्वी भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता मात्र अवश्य तपासा.