अनुभव धागा: दारातला कॅमेरा, ओट्यावरची स्क्रीन

ॲमेझॉनचा इको शो किंवा गूगलचा नेस्ट हब ओट्याच्या कडेला येऊन बसला, की गाणी, टायमर आणि हवामान यांच्यापुढची मागणी ठरलेली असते. हात कणकेने भरलेत, बेल वाजली, तर दारात कोण आलंय ते इथेच दिसावं. कॅमेरा दारावर आधीपासून आहे, त्याच्या खोक्यावर ‘अलेक्साबरोबर चालतो’ असं छापलेलंही आहे. मग अडतं कुठे?

बहुतेक वेळा अडतं ते वाटेत. कॅमेरा आणि स्क्रीन यांच्यात दहा फुटांचंच अंतर असलं तरी आपला हुकूम आधी घराबाहेर जातो. आवाज जातो असिस्टंटच्या, म्हणजे अलेक्सा किंवा गूगलच्या, सर्व्हरवर, तिथून कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरवर, तिथून चित्राचा पत्ता परत, आणि मग स्क्रीन तो पत्ता उघडते. यात कुठेही गाठ सुटली तरी स्क्रीन एकच वाक्य बोलते: कॅमेरा प्रतिसाद देत नाही.

म्हणून हा धागा. तुमच्या घरात काय जुळलं, कशाने जुळलं, कशाचा नाद सोडला, ते लिहा. कुठल्या कंपनीचा कॅमेरा भारी यावर कृपया भांडू नका, त्याला दिवाळीचा सेल आहे. आणि ज्यांचं पहिल्या झटक्यात चाललं त्यांनीही लिहा, आम्हाला जरा धीर येईल.

पडवीतला (कोथरूड)

आमचे कॅमेरे वाय-फायचे नाहीत. डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणि टीव्हीच्या केबलसारख्या काळ्या कोॲक्स वायरी, जुन्या बंगल्यांत असतात तसे. मोबाइलच्या ॲपवर चित्र झकास, स्क्रीनवर मात्र गोल गोल फिरणारं चक्र आणि मग अंधार. हेल्पलाइनवाले ‘इंटरनेट तपासा’च्या पुढे सरकेनात. शेवटी भाच्याने डीव्हीआरच्या मेनूत शिरून दाखवलं: चित्र एच.२६५ मध्ये दाबलं जात होतं. व्हिडिओ दाबून लहान करायची ही एक पद्धत, एच.२६४ ही तिच्या आधीची. हार्ड डिस्कची जागा वाचते म्हणून बसवणारे तसंच ठेवून जातात, आणि रेकॉर्डिंगपुरतं ते बरोबरच आहे. पण अलेक्साच्या कॅमेऱ्यांसाठीच्या अटींत एच.२६४ लिहिलंय. फोनला दोन्ही समजतात, म्हणून फोनवर दिसतं आणि इथे नाही.

तर उपाय असा. मुख्य स्ट्रीमला, म्हणजे रेकॉर्ड होणाऱ्या मोठ्या चित्राला, हात लावू नका. बहुतेक कॅमेऱ्यांना एक सब-स्ट्रीमही असतो, लहान चित्राचा. त्याचं एन्कोडिंग एच.२६४ करा, रिझोल्यूशन ६४०×४८० च्या आसपास ठेवा, आणि ‘प्लस’ किंवा ‘स्मार्ट’ नावाने कॉम्प्रेशनचा जो जादा पर्याय असेल तो बंद करा. एवढ्यावर चित्र येतं, पण उशिरा उमटतं. त्यावर इलाज आहे आय-फ्रेमचं अंतर. कॅमेरा प्रत्येक वेळी पूर्ण चित्र पाठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण (हीच आय-फ्रेम) आणि मध्ये नुसते बदल. पूर्ण चित्र आल्याशिवाय स्क्रीनला सुरुवात करता येत नाही. ते आठ सेकंदांनी येत असेल तर दारातला माणूस तोवर जिना उतरलेला असतो. सेकंदाला १५ फ्रेम असतील तर हे अंतर १५ किंवा ३० ठेवा.

चित्र लहान केल्याचं वाईट वाटून घेऊ नका. इको शो ५ ची स्क्रीन ९६०×४८०, नेस्ट हबची १०२४×६००. त्यात फोर-के ओतून करायचं काय?

एक अडचण उरतेच. स्क्रीनला कुठला स्ट्रीम द्यायचा हे आमच्या ॲपमध्ये निवडता येतं. सगळ्या ॲपमध्ये येत नाही. विकत घेण्याआधी दुकानदाराला हाच प्रश्न विचारा. त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळतं.

सांगलीची मावशी

तांत्रिक काही मला विचारू नका. लेकीने पाडव्याला स्क्रीन आणून दिली आणि कॅमेऱ्यांना नावं ठेवून गेली, ‘फ्रंट गेट’ आणि ‘बॅकयार्ड’. बॅकयार्ड म्हणे! परसात आमच्या गवती चहा, कढीपत्ता आणि धुण्याचा दगड. ऐन वेळी ते नाव तोंडात येईना. मी आपली ‘मागचं दाखव’ म्हणायची आणि ती बाई मख्ख. तिला मराठी येत नाही, हिंदी येतं. मग भाषा हिंदी करून घेतली आणि नावं बदलली. एकाचं ‘गली’ ठेवलं तर ते तिला ‘गाना’ ऐकू यायचं, की लागलं गाणं. आता नावं लांबलचक ठेवलीत, ‘पीछे का दरवाजा’ अशी. लांब नाव चुकत नाही.

अजून एक, जावयाने शोधलेलं. हॉलमधल्या कॅमेऱ्याचं नाव ‘हॉल’ आणि ॲपमध्ये खोलीचं नावही ‘हॉल’, त्यामुळे सगळा घोळ. ‘हॉल दिखाओ’ म्हटलं की उत्तरच नाही. खोली, दिवा आणि कॅमेरा यांची नावं वेगवेगळी हवीत.

बाकी मजा आहे. दूधवाला दिसला की स्क्रीनवरचं माइकचं चिन्ह दाबून इथूनच सांगते, आज दोन लिटर ठेव. पहिल्यांदा बिचारा दचकून मागे बघत होता.

धागाकर्ती: मावशी, माइकचं चिन्ह सगळ्यांना दिसणार नाही. कॅमेरा आणि जोडणी दोन्हीकडून परतीचा आवाज जात असेल तरच ते येतं. तुमच्या लेकीने कॅमेरा बघून घेतलेला दिसतो.

एक्झिट_नऊ (न्यू जर्सी)

आई-बाबा रत्नागिरीला, मी इथे. इथून स्क्रीन नेली, माझ्याच खात्यावर चालू केली, म्हटलं दुरून सांभाळता येईल. कॅमेरा तिकडच्या दुकानातून घेतला. तो काही केल्या जोडला जाईना, कारण त्याचं स्किल, म्हणजे अलेक्साला तो कॅमेरा जोडून देणारं छोटं ॲप, शोधूनच सापडेना. स्किल देशागणिक असतात. माझं खातं अमेरिकेचं, आणि त्या कॅमेऱ्याचं स्किल फक्त भारताच्या यादीत. सेटिंग तासन्‌तास उलटसुलट करून याचा उपयोग नसतो. बाबांच्या नावाने भारतातलं खातं काढलं, स्क्रीन त्यावर नोंदवली, मग दोन मिनिटांचं काम.

कॅमेऱ्याच्या ॲपचंही तसंच बघा. बऱ्याच ॲपमध्ये नोंदणी करताना जो देश निवडाल त्यावरून कुठलं डेटा सेंटर ते ठरतं. माझ्या मित्राने आपला अमेरिकेचा नंबर टाकून नोंदणी केली. आता पुण्यातल्या फ्लॅटचं चित्र पुण्यातल्याच स्क्रीनवर यायला आधी समुद्र ओलांडतं. देश नंतर सहसा बदलता येत नाही, कॅमेरा काढून नव्याने जोडावा लागतो.

कोकणात दुसरा प्रश्न विजेचा. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालू, पण राउटर त्या लाइनवर नाही. फायबरचा डबा, राउटर आणि कॅमेरा तिघांनाही बॅकअप हवा. एक जरी सुटला तरी स्क्रीन काळी. आम्ही राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बसवलाय. पावसाळ्यात त्याच्याइतकं उपयोगी काही नाही.

आणि खरं सांगू? आई-बाबा ठीक आहेत ना एवढंच बघायचं तर वेगळा कॅमेरा लागतही नाही. इको शोला स्वतःचा कॅमेरा असतो, त्यावरून ‘ड्रॉप इन’ करता येतं, म्हणजे तिकडे कुणी कॉल न उचलता थेट बघता-बोलता येतं. त्यांनी परवानगी दिलेली असली पाहिजे, आणि झाकणी सरकवायचा हक्क त्यांचा. माझी आई दुपारी झोपताना सरकवतेच.

क्रिंपिंगवाला (नाशिक)

मी हेच काम करतो, म्हणून थोडं खरमरीत लिहितो.

पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट काढून देण्याचे) व्हिडिओ बघून राउटर उघडा टाकू नका. एक तर बऱ्याच फायबर आणि मोबाइल जोडण्यांत तुमच्या वाट्याला स्वतःचा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नसतो, अनेक गिऱ्हाइकांत एक वाटलेला असतो, त्यामुळे ते चालतच नाही. आणि चाललं तर तुमचा डीव्हीआर जगाला दिसतो. पासवर्ड कारखान्यातलाच असला तर विषयच संपला.

‘१०० एमबीपीएस प्लॅन आहे’ असं गिऱ्हाईक छाती फुगवून सांगतं. कॅमेऱ्याला लागतो अपलोड, म्हणजे घरातून बाहेर पाठवायचा वेग, तो किती मिळतो ते मोजा. गेटजवळच्या कॅमेऱ्याला २.४ गिगाहर्ट्‌झच द्या, ५ वालं वाय-फाय दोन भिंतींत दम तोडतं. शक्य असेल तिथे सरळ केबल ओढा. ड्रिलिंगचा एक दिवस धूळ होते, पुढची कटकट टळते.

नवीन घेताना एसटीक्यूसीची (सरकारच्या तपासणी यंत्रणेची) तपासणी झालीय का विचारा. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात सीसीटीव्हीसाठी सरकारच्या सुरक्षेच्या अटी लागू आहेत. त्याआधीचा जुना माल ‘ऑफर’ म्हणून गळ्यात मारणारे आहेत.

म्युनिकवासी

इथे पहिला प्रश्न शेजाऱ्याचा. जर्मनीत खासगी कॅमेऱ्यात फूटपाथ, रस्ता किंवा समोरचं दार आलं तर ते डेटा संरक्षणाच्या कायद्याच्या आड येतं. त्यामुळे आधी कॅमेऱ्याचा कोन आणि काळ्या पट्ट्यांचा प्रायव्हसी मास्क, स्क्रीनची गोष्ट नंतर. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही समोरच्यांच्या उंबऱ्यावर रोखलेले कॅमेरे बघतो तेव्हा मला आता कसंतरी होतं.

मला चित्र कुणाच्या क्लाउडवर नको होतं. घरात एका लहान संगणकावर होम असिस्टंट चालवतो, घरातली स्मार्ट उपकरणं जोडणारं सॉफ्टवेअर. २०१३ पासूनचा मुक्तस्रोत प्रकल्प आहे, भरवशाचा. कॅमेऱ्याकडून आरटीएसपी या पद्धतीने चित्र घ्यायचं (बहुधा ५५४ पोर्ट), गो-टू-आरटीसी नावाच्या प्रोग्रामने ते हव्या त्या रूपात द्यायचं. नेस्ट हबवर कास्ट करता येतं. अलेक्साला मात्र स्वतःच्या यंत्रणेतून चित्र द्यायचं तर ४४३ पोर्टवर, मान्यताप्राप्त प्रमाणपत्रासह सुरक्षित पत्ता लागतो. घरगुती बनवलेलं प्रमाणपत्र चालत नाही. इथे उत्साही मंडळींचे शनिवार-रविवार जातात.

चित्र पाठवायच्या पद्धतीही दोन. एचएलएसने चित्र तुकड्या-तुकड्यांनी येतं, म्हणून स्क्रीनवरचा माणूस काही सेकंद शिळा असतो. वेबआरटीसीने जवळपास ताजा. बाळाच्या पाळण्यावरच्या कॅमेऱ्याला हा फरक फार मोठा.

आणि ज्यांना हा खटाटोप वेडेपणाचा वाटतो त्यांच्यासाठी: जानेवारी २०२० मध्ये एका माणसाच्या नेस्ट हबवर त्याच्या शाओमी कॅमेऱ्याऐवजी परक्या घरांची स्थिरचित्रं दिसू लागली होती. झोपलेली माणसं, एक बाळ. गूगलने शाओमीची जोडणी तेव्हा काही काळ बंदच ठेवली, आणि शाओमीने कॅशच्या (तात्पुरत्या साठवणीच्या) अपडेटमुळे असं झाल्याचं सांगितलं.

धागाकर्ती: हे वाचून मी बेडरूमच्या पॅसेजमधला कॅमेरा स्क्रीनच्या यादीतून काढला. ॲपमध्ये राहू दे. यादीत असला की हॉलमध्ये बसलेला कुठलाही पाहुणा मोठ्याने त्याचं नाव घेऊ शकतो, पासवर्ड कोण विचारतंय?

तिसरा मजला (डोंबिवली)

बॅटरीवरच्या डोअरबेलबद्दल दोन ओळी. बॅटरी वाचवायला ती झोपलेली असते. आपण ‘दाखव’ म्हटलं की आधी जागी होते, वाय-फाय धरते, मग चित्र. तोवर स्क्रीन कंटाळून सोडून देते. जुन्या बेलची वायर होती तिथे वायरवाली बसवली, तेव्हापासून निवांत.

निवृत्त_पोस्टमन (सातारा)

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही मला पाच-सात इंची चित्रात माणूस ओळखू येत नाही. नातवाने टीव्हीला फायर टीव्हीची काडी (ॲमेझॉनचीच, अलेक्सावाली) लावली आणि तोच कॅमेरा तिकडे जोडला. रिमोटचं बटण दाबून ‘गेट दिखाओ’ म्हणायचं, की ४३ इंचांवर कुरिअरवाल्याच्या हातातली पावतीसुद्धा दिसते. मालिका मध्येच थांबते म्हणून घरात कुरकुर आहे. वयस्कर माणसांसाठी नवी स्क्रीन घेण्याआधी घरातला टीव्ही वापरून बघा, एवढंच म्हणणं.

चवथीची सुट्टी (फोंडा)

आमचं पहिल्या झटक्यात जुळलं, तेव्हा धीर द्यायला आलोय. कॅमेरा आणि स्क्रीन एकाच कंपनीची घेतली, खातं एक, झालं. पैसे जास्त गेले.

पण नंतरची कथा ऐका. ‘हालचाल दिसली की सांग’ हे मी हौसेने चालू केलं. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे, किड्यांसाठी कोळी, आणि कोळ्याचं जाळं थेट काचेवर. वाऱ्याने जाळं हललं की घरातली प्रत्येक स्क्रीन दीड वाजता घोषणा करणार, दारात कोणीतरी आहे. सासूबाई देवाचं नाव घेत उठायच्या. आता हालचालीची घोषणा बंद, फक्त बेल दाबली तरच चित्र उघडतं. पावसाळ्यात दर आठवड्याला लांब दांड्याच्या केरसुणीने कॅमेरा झाडतो. हे काम कुठलाही असिस्टंट करत नाही, आणि माझा मुलगाही.

सांगलीची मावशी: जाळ्यावर कडुनिंबाचं तेल लावून बघा हो. काचेला नको, कडेला.