दहा मिनिटांत ओव्हरक्लॉक? नवख्याला असला सल्ला देऊ नका

सावकाश

परवा या फोरमवर एकाने नवख्यांसाठी लिहिलं: "ओव्हरक्लॉकिंगचा उगाच बाऊ करतात. बायोसमध्ये जा, मल्टिप्लायर ५० करा, व्होल्टेज १.४ ठेवा, दहा मिनिटं सिनेबेंच चालवा. मशीन बंद पडलं नाही तर झालं काम." खाली वीस जणांनी आभार मानलेत. मला राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितोय. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. बायोस म्हणजे मदरबोर्डची मूळ सेटिंग, मल्टिप्लायर गुणिले १०० मेगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरचा वेग, आणि सिनेबेंच म्हणजे पूर्ण भार टाकून गुण देणारा प्रोग्राम.

मुळात प्रोसेसर कुठला, हे विचारलंच नाही. इंटेलचा 'के' नसलेला असेल तर मल्टिप्लायर वर जाणारच नाही. एएमडीचा रायझन ५८००एक्स३डी असेल तर तिथेही तो कुलूपबंद. आणि १.४ व्होल्ट हा आकडा कुठून आला? एकाच मॉडेलच्या दोन चिप एकाच व्होल्टेजवर सारख्या वेगाने चालत नाहीत, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तरी दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उचलायला सांगायचा?

मी असं करतो. आधी बायोस अद्ययावत. मग काहीही न बदलता पूर्ण भार देऊन एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तापमान, व्होल्टेज आणि वॅट वहीत उतरवायचे. इथेच तापमान नव्वदीला टेकत असेल तर आधी कूलरचं बघा, पुढे जाऊच नका. तापमान वाढायला जागा असेल तर भारातलं मूळ व्होल्टेज हाताने बांधायचं, कारण ऑटोवर सोडलं की बरेच मदरबोर्ड मल्टिप्लायर वाढलेला दिसताच व्होल्टेज भरमसाट चढवतात. मग मल्टिप्लायर एकाने वाढवायचा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. अर्धा तास चाचणी. पडला तरच व्होल्टेज ०.०१ ने वर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे पडला तर कशामुळे पडला ते कळतं.

व्होल्टेजला घाबरायचं ते गणितामुळे. वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. दोन्ही दहा टक्के वाढवले की वीज ३३ टक्के वाढते. कूलर मात्र तोच असतो.

पंखेवाला

एवढं वाचून नवखा माणूस बायोस उघडणारच नाही. हेच हवं होतं का?

मी २०११ मध्ये इंटेलचा आय५-२५००के घेतला. ३.३ चा ४.५ गिगाहर्ट्झ केला, साध्या हवेच्या कूलरवर, पहिल्याच संध्याकाळी. वही नाही, तक्ते नाहीत. सात वर्षं चालला आणि पुढे धाकट्या भावाकडे गेला. फार तापला तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, अगदी डोक्यावरून पाणी गेलं तर बंद होतो. काही जळत नाही. बूट झाला नाही तर सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ होते. आम्ही असेच शिकलो, चुका करून.

सहज

दोघंही २०११ मध्येच अडकलात. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए होता, बस (मल्टिप्लायरने गुणायचा मूळ वेग) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा थेट ४५०. दीडपट! तेव्हा ओव्हरक्लॉकिंगला अर्थ होता, कारण कंपनी हातचं राखून विकत होती. आता कंपनीनेच सगळं पिळून घेतलंय. हाताने तीन-चार टक्के मिळवायचे आणि त्यासाठी पंख्याचा विमान उडाल्यासारखा आवाज सोसायचा. रायझनवर सगळे कोअर एका वेगाला बांधलेत तर एकट्या कोअरचा मूळ बूस्टही (प्रोसेसर स्वतः घेतो तो जादा वेग) गमावून बसाल, म्हणजे गेममध्ये तोटाच.

पहिल्यांदा करणाऱ्याने व्होल्टेज कमी करावं. ऋण ऑफसेट द्या, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजमधून थोडं वजा करा, तापमान उतरतं, बूस्ट आपोआप जास्त वेळ टिकतो. यात धोका शून्य.

पंखेवाला

तीन-चार टक्के मिळाले तरी ते मी मिळवलेले असतात. घरी रेडिओ जुळवणाऱ्याला कोणी विचारतं का, की विकत का नाही आणलास?

सावकाश

पंखेवाला, तुमच्या २५००के चा अनुभव खरा मानतो, पण ती चिप दिलदार होती. आणि "काही जळत नाही" हे अर्धसत्य आहे. चिप जळत नाही, झिजते. ज्या वेगाला आधी १.२५ व्होल्ट पुरत होते त्यालाच दोन वर्षांनी १.३ लागायला लागतात. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत तर मूळ सेटिंगवरच हे झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोड (बायोसमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बदलून व्होल्टेजला १.५५ ची मर्यादा घातली, पण आधीच झिजलेल्या चिप त्याने बऱ्या झाल्या नाहीत. बायोस आधी अद्ययावत करा म्हणतो ते यासाठी.

रॅमबाण

प्रोसेसर, प्रोसेसर, प्रोसेसर! तुमच्यापैकी किती जणांनी एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारा तयार प्रोफाइल, चालू ठेवून ही चाचणी केली? सगळ्यांनीच. मग तुमचं ओव्हरक्लॉकिंग आधीच सुरू झालं होतं.

मागच्या वर्षी मी चार महिने घरातल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करत होतो. प्रोसेसर अगदी हळूहळू वाढवला, सावकाश सांगतात तसाच. प्राइम९५ ही प्रोसेसरची कडक चाचणी रात्रभर चालली. एकदाही निळा पडदा नाही. नंतर एक झिप उघडायला गेलो तर सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडलेली. दुसरी उघडली, तेच. काही फोटोंत अर्ध्या चित्राखाली करड्या पट्ट्या. बॅकअप बघितला तर त्यातही तीच बिघडलेली प्रत, कारण बॅकअप त्याच मशीनने घेतला होता. मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावली. पहिल्या दोन फेऱ्या स्वच्छ, तिसरीत चुका. प्रोसेसर निर्दोष, रॅमचा प्रोफाइल दोषी.

सहज

एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकिंग हे काहीतरीच. खोक्यावर ६००० छापलंय, त्याचे पैसे घेतलेत, तर ते चाललंच पाहिजे. नाही चाललं तर स्टिक खराब, परत करा.

रॅमबाण

खोक्यावरचा आकडा स्टिकचा आहे. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो आणि त्याचा अधिकृत आकडा वेगळा. रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२००, चार लावल्या तर ३६००. त्यावरचं सगळं ओव्हरक्लॉकिंगच. २०२३ मध्ये ७०००एक्स३डी जळाले ते आठवा. एक्स्पो चालू करताच काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) इतकं चढवत होते की शेवटी एएमडीला १.३ ची मर्यादा घालावी लागली. त्या लोकांनी मल्टिप्लायरला हातही लावला नव्हता!

पंखेवाला

म्हणजे आता रॅमही खोक्यावरच्या वेगाने चालवायची नाही? एवढीच भीती वाटते तर मशीन चालू तरी कशाला करता? आणि बॅकअप उघडून बघितला नाही ही चूक तुमची, रॅमची नाही.

रॅमबाण

चारशे निगेटिव्ह पुन्हा स्कॅन केल्यात मी. मला चूक शिकवू नका. मशीन पडलं तर निदान कळतं. माझं चार महिने निमूटपणे खोटं लिहीत होतं, आणि तुम्ही नवख्याला सांगताय की पडलं नाही म्हणजे झालं!

सावकाश

रॅमबाण, माझ्या यादीत रॅम नव्हती, ही चूक माझी. प्रोसेसर वाढवताना एक्सएमपी बंद ठेवायचं. तो स्थिर झाला की मग चालू करायचं आणि मेमटेस्टच्या चारही फेऱ्या करायच्या. दोन्ही एकदम केलं तर दोष कुणाचा ते कळत नाही.

पंखेवाला, आवाज खाली घ्या. माणसाचं काम गेलंय.

निळा पडदा

मी त्या वीस जणांतली आहे. परवाचा सल्ला वाचून ५० आणि १.४ केलं. चाचणी सुरू होताच काही सेकंदांत १०० अंश. मशीन बंद पडलं नाही, म्हणून मला वाटलं जमलं. मग गुण बघितले तर काहीच न बदलता मिळाले होते त्याहून कमी!

घाबरून सगळं मूळ केलं आणि सहज म्हणतात तसा ऋण ऑफसेट दिला, ०.१ व्होल्ट. भारात दोन तास छान चाललं, तापमानही उतरलं. रात्री नुसता ब्राउझर उघडा ठेवून उठले, परत आले तर मशीन रीस्टार्ट झालेलं. तीनदा असंच. धोका शून्य ना?

सहज

धोका शून्य हे चुकलं. चिपला धोका नाही, एवढंच म्हणायला हवं होतं. भार नसताना व्होल्टेज आधीच खाली असतं, त्यात ऑफसेट लागला की तळ सुटतो. ०.०३ पासून सुरू करा, आणि मशीन रिकामं ठेवून रात्रभराची चाचणीही घ्या. गुणही तपासा. काही चिप कमी व्होल्टेजवर वेग तोच दाखवतात आणि काम मात्र कमी करतात.

पंखेवाला

ठीक आहे, दहा मिनिटं कमी आहेत. मानलं. बाई, १०० अंशाला प्रोसेसर स्वतःच वेग तोडत होता, म्हणून गुण घटले. १.४ तुमच्या चिपला लागतच नसणार. पण सोडू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. वही करा हवं तर.

सावकाश

आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ (WHEA), म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी बघा. मशीन पडण्याआधी प्रोसेसर बऱ्याचदा दुरुस्त केलेल्या चुकांची नोंद करतो. नोंद दिसली की ती सेटिंग नापास, मशीन चालत असलं तरी. लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे भार आल्यावर व्होल्टेज किती पडू द्यायचं ती सेटिंग, मधल्या पायरीवर ठेवा. सगळ्यात कडक ठेवलंत तर भार उतरताना व्होल्टेज क्षणभर ठरवल्यापेक्षा वर उसळतं, आणि ते साध्या मॉनिटरमध्ये दिसतही नाही.

निळा पडदा

व्हीआच्या अकरा नोंदी आहेत, सगळ्या कालच्या रात्रीच्या. ऑफसेट काढला, एक्सएमपी बंद केलं. आता मेमटेस्ट लावून झोपतेय. उद्या मूळ आकडे उतरवते, मग बघू.