हौशी छायाचित्रकाराने बाहेरच्या पोर्ट्रेटसाठी पैसे घ्यावेत का?

रंकाळाकाठ (धाग्याचा आरंभ)

मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांची छायाचित्रे काढतो. माझ्याकडे स्टुडिओ नाही. रंकाळ्याची चौपाटी, पंचगंगेचा घाट, गावाबाहेरचे उसाचे फड एवढीच माझी कामाची जागा. आजवर हे सारे नातेवाईक, मित्र आणि त्यांचे मित्र यांच्यासाठी विनामूल्य केले. आता अनोळखी लोक विचारू लागले आहेत, आणि मी पैसे घ्यायचे ठरवले आहे. ते नाममात्र न घेता पूर्ण दराने, लेखी अटींसह आणि पहिल्याच कामापासून घ्यावेत, असे माझे मत आहे.

पाचशे रुपयांत काम करणाऱ्या हौशी माणसाबद्दल व्यावसायिकांचा राग मला रास्त वाटतो, कारण तो स्वतःही काही कमावत नाही आणि ज्याचे घर या धंद्यावर चालते त्याचा दरही पाडतो. संकोचापोटी कमी दर सांगणे म्हणजे नम्रपणा नव्हे.

कामाचे स्वरूपही सांगतो. संध्याकाळी चौपाटीवर माणूस उभा केला की सूर्य समोरच्या काठावर, शालिनी पॅलेसच्या मागे उतरत असतो. केसांना सोनेरी कड सुंदर मिळते, पण चेहरा काळवंडतो. अशा वेळी थर्माकोलचा पांढरा तक्ता कमरेच्या उंचीवर, चौकटीच्या जरा बाहेर धरून तो उजेड चेहऱ्यावर परतवावा लागतो. तक्ता फार खाली गेला तर हनुवटीखालून उजेड येऊन चेहरा भेसूर दिसतो, आणि फार जवळ आणला तर समोरचा माणूस डोळे बारीक करतो. हा सगळा खेळ जेमतेम पाव तासाचा असतो, आणि त्यानंतर घरी बसून मिटलेले डोळे वगळणे, निवड करणे, रंग जुळवणे यात दोन-तीन रात्री जातात. दोन तासांचे चित्रण आणि २५ तयार छायाचित्रे यासाठी ४,००० रुपये असा दर मी योजला आहे. विरोधी मतेही स्पष्ट शब्दांत मांडावीत.

शाहूपुरीकर

आपला हेतू चांगला आहे, हे मान्य करूनही मी या विचाराच्या विरोधात आहे. माझा स्टुडिओ वडिलांपासून चालत आला आहे, त्यामुळे माझे म्हणणे स्वार्थाचे वाटले तरी ते लपवण्याचे मला कारण नाही.

आपण ज्याला पूर्ण दर म्हणता त्यात गाळ्याचे भाडे नाही, व्यापारी दराची वीज नाही, मदतनिसाचा पगार नाही, आणि मुख्य म्हणजे चातुर्मासात लग्ने बंद असतात तेव्हाचे रिकामे महिने नाहीत. आपला खरा खर्च कारखान्याचा पगार उचलतो. त्यामुळे आपण ४,००० घ्या किंवा ५,००० घ्या, आपल्याशी माझी स्पर्धा बरोबरीची होऊ शकत नाही.

दुसरे असे की, मोबाइल आल्यापासून सहलीचे, वाढदिवसाचे, घरगुती समारंभाचे फोटो आमच्या हातून गेलेच. जे ग्राहक अजूनही चांगल्या छायाचित्रासाठी चार पैसे मोजतात ते नेमके बाहेरचे पोर्ट्रेट मागणारे आहेत. ते रविवारच्या छायाचित्रकारांकडे गेले, तर पासपोर्टचे आणि शाळेच्या ओळखपत्राचे फोटो काढून पोट भरायचे तेवढे आमच्याकडे उरेल.

जबाबदारीचाही प्रश्न आहे. मला ताप आला तर माझा माणूस जातो. कॅमेरा बंद पडला तर दुसरा पिशवीत असतो. आणि काम बिघडले तर ग्राहक दुकानाच्या पायरीवर येऊन मला चारचौघांत जाब विचारू शकतो. आपल्या बाबतीत त्याने कुठे जावे?

कृष्णधवल

माझाही विरोधच आहे, पण तो बाजारपेठेसाठी नाही. पैसे घेतले की नजर आपली राहत नाही, ही माझी चिंता आहे.

घाटावर धुणे धुऊन विसावलेल्या एखाद्या आजींचे छायाचित्र हौशी माणूस तिच्याशी गप्पा मारत, उजेडाची वाट पाहत काढतो, आणि नाही जमले तर तसाच परत येतो. पैसे देणाऱ्याला मात्र रीलमध्ये पाहिलेली तीच पोज, तोच धूसर झालेला पार्श्वभाग आणि तोच फिकट रंग हवा असतो. सर्वांत वाईट मागणी स्थळासाठी काढायच्या फोटोंच्या वेळी येते. बायोडेटाला लावायचा म्हणून मुलीचा चेहरा दोन छटांनी उजळ करून मागतात, आणि मागणारे बहुधा आईवडीलच असतात. मुलगी शेजारी बसून ते ऐकत असते. पैसे घेतलेल्या माणसाला तिथे नाही म्हणणे किती जमेल, याची मला शंका आहे. शंभर लोकांच्या पसंतीचे पोर्ट्रेट काढायला शिकलेला हात हळूहळू स्वतःच्या पसंतीचे विसरतो, असे मी माझ्या ओळखीतल्या दोन-तीन गुणी माणसांबाबत पाहिले आहे.

निशिगंध

मी पुण्यात हेच काम पूर्ण वेळ करते आणि माझीही सुरुवात हौशी म्हणूनच झाली. पैसे घ्यावेत, या मताची मी आहे. परंतु आतापर्यंत कोणी न मांडलेली एक गोष्ट रंकाळाकाठ यांनी दर ठरवण्याआधी समजून घ्यावी, कारण पैसे घेतल्याने छायाचित्राची मालकीच बदलते.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १७ प्रमाणे छायाचित्राचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे ते काढणाऱ्याचा असतो. मात्र एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर उलट करार नसेल तोवर तो पहिला हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणजे आजवर मित्रांचे विनामूल्य काढलेले फोटो कॉपीराइटपुरते आपले होते. उद्या ४,००० रुपये घेऊन काढलेला फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर नमुना म्हणून लावायलाही लेखी संमती नसेल तर अडचण येईल. नवख्या छायाचित्रकाराला नवे काम मिळते ते नमुने दाखवूनच, त्यामुळे ही अट त्याला सर्वांत जास्त भिडते.

यावर माझी पद्धत अशी आहे. करारात दोन स्वतंत्र ओळी असतात, एक कॉपीराइट कोणाकडे राहील याची आणि दुसरी छायाचित्र कुठे दाखवता येईल याची. दुसऱ्या ओळीपुढे 'कुठेही नाही', 'फक्त छापील अल्बममध्ये' आणि 'समाजमाध्यमांवर चालेल' असे पर्याय असतात, आणि ज्याचा चेहरा आहे त्याच व्यक्तीने स्वतःच्या हाताने खूण करायची असते. नवऱ्याने किंवा सासऱ्यांनी पैसे दिले म्हणून बाईच्या छायाचित्राची संमती त्यांच्याकडून घ्यायची नाही, हा नियम मी कधीही सोडलेला नाही. डोहाळजेवणाची छायाचित्रे पाहून 'मी हो म्हटले नव्हते' असे नंतर सांगणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. ती छायाचित्रे माझ्याकडची नव्हती, पण त्यांचा संताप मी ऐकला आहे.

कृष्णधवल, आपण मांडलेल्या उजळ चेहऱ्याच्या मागणीचे उत्तरही याच कागदात आहे. 'त्वचेचा मूळ वर्ण बदलला जाणार नाही' हे वाक्य आगाऊ रक्कम घेण्याआधी वाचून दाखवले की ज्यांना ते पटत नाही ते आपणहून दुसरीकडे जातात. फुकट काम करणाऱ्याला मात्र मावशीला नाही म्हणता येत नाही. तिथे भिडेपोटी सगळेच करून द्यावे लागते.

शाहूपुरीकर

ताई, कलमाबद्दल आपण सांगितलेले बरोबर आहे, पण आमच्या व्यवहारात ते कधी कागदावर आले नाही. निगेटिव्ह स्टुडिओतच राहायची, आणि चांगला आलेला फोटो मोठा करून दर्शनी काचेत लावला तर घरचे लोक अभिमानाने पाहुण्यांना दाखवायला आणायचे. तो विश्वास गल्लीतल्या ओळखीचा होता. काचेतला फोटो शाहूपुरीतच राहत असे, आणि कोणी हरकत घेतली तर तासाभरात उतरवताही येत असे. इन्स्टाग्रामवरचा फोटो कोणी स्वतःच्या मोबाइलमध्ये साठवून घेतला तर त्याला आपण काय करणार? म्हणून आपल्या दोन ओळी मी स्वतःही वापरणार आहे. मूळ प्रश्नावर मात्र माझे मत तेच आहे.

मिरजकर तिकटी

मी ग्राहकाच्या बाजूने लिहिते. माझ्या डोहाळजेवणाच्या वेळी आम्ही ओळखीतल्या एका हौशी मुलाला बोलावले होते. दर अगदी थोडा होता आणि 'आपलाच माणूस' म्हणून काहीही ठरवले नव्हते. छायाचित्रे हाती आली तेव्हा बारसे होऊन गेले होते, आणि आली तीही व्हॉट्सअ‍ॅपवर. अल्बमच्या दुकानात गेल्यावर कळले की १२ × १८ इंचांचे पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, नीट छापायचे तर ३६०० × ५४०० पिक्सेल हवेत, आणि आमच्याकडच्या फाइल त्याच्या आसपासही नव्हत्या. मूळ फाइल मागितल्या तर त्याने कार्ड पुसून पुन्हा वापरले होते. घरचे संबंध होते म्हणून तक्रारही करता आली नाही, आणि ते दिवस परत येणारे नव्हते.

त्यामुळे हौशी की व्यावसायिक, या वादात मला फारसे स्वारस्य नाही. कोणत्या तारखेला, किती छायाचित्रे, कोणत्या आकारात मिळतील आणि मूळ प्रती किती दिवस जपल्या जातील, एवढे लिहून देणाऱ्याला मी जास्त पैसे द्यायला तयार आहे. शाहूपुरीकर यांचा पायरीवर जाब विचारण्याचा मुद्दा मला मनापासून पटला, कारण त्या मुलाच्या दारात जाऊन आम्हाला तेवढेही करता आले नव्हते.

फिरस्ता

जागेबद्दल थोडे सांगतो. कोल्हापूरकडचे बरेच जण खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात पोर्ट्रेट काढायला जातात, आणि स्वर्गमंडपाच्या मोकळ्या गोल छतातून खाली पडणारा उजेड पाहिला की मोह होणे स्वाभाविक आहे. पण ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. हातात साधा कॅमेरा घेऊन आलेला पर्यटक वेगळा, आणि तिपाई, दिवे, कपड्यांच्या पिशव्या घेऊन पैसे घेऊन काम करणारा वेगळा. दुसऱ्याला आधी परवानगी काढावी लागते. हौस म्हणून जिथे सहज जाता येत होते अशा काही जागा पैसे घेतल्यावर तितक्या सहज राहत नाहीत, आणि ग्राहकाला तारीख देण्याआधी हे पाहावे. शिवाय ते चालते देऊळ आहे. दर्शनाला आलेल्यांना खांबाआड थांबवून फोटो काढणे कोणत्याही परवानगीत बसत नाही.

रंकाळाकाठ

सर्वांचे म्हणणे नीट वाचले. शाहूपुरीकर, पगाराचा मुद्दा आपण म्हणता तसाच आहे; माझ्या घरचा खर्च नोकरीतून भागतो, हे मी नाकारत नाही. पण त्याचा अर्थ मी काम करू नये असा होत नाही. दर ठरवताना त्या पगाराचा आधार धरू नये, असा होतो. कॅमेऱ्याची झीज, लेन्स, विमा आणि भाड्याने आणायचा दुसरा कॅमेरा हे सारे दरातूनच निघाले पाहिजे, असा हिशेब मी मांडला आहे.

कायदेशीर बाजूही पाहिली आहे. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे आणि माझे काम तिच्या जवळपासही जाणार नाही. पण आयकर विवरणपत्रात हे उत्पन्न व्यवसायाचे म्हणून दाखवावे लागेल, आणि पगारदारांचा सोपा आयटीआर-१ नमुना मला चालणार नाही. नोकरीच्या करारात जोडधंद्याला हरकत आहे का, हे मी कारखान्याला लेखी विचारले असून उत्तर आल्याशिवाय एकही आगाऊ रक्कम घेणार नाही. माझ्यासारख्या वाटेवर असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी तर हे आधी पाहावे, कारण महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही.

कृष्णधवल, घाटावरच्या आजींचे छायाचित्र मी पुढेही तसेच, पैशांचा विचार न करता काढीन. ठरलेल्या कामाचे पैसे घेतले म्हणून उरलेली सगळी नजर विकली जाते, हे मला मान्य नाही. उलट चौपाटीवर अनोळखी माणसाला पाव तासात मोकळे करण्याची कला मला ठरलेल्या कामांतूनच येईल, असे वाटते.

कृष्णधवल

ठरलेल्या कामातून हात तयार होतो, हे मी मानतो. पण सुट्टीचा एकच दिवस आहे आणि दोन-तीन रात्री संगणकापुढे जाणार आहेत, हे आपणच लिहिले आहे. मग घाटावर कधी जाणार? महिन्यातला किमान एक रविवार कोणत्याही रकमेला द्यायचा नाही, असे आपल्या अटींत असायला हवे, आणि ते मला दिसले नाही.

शाहूपुरीकर

आपला हिशेब मांडूनच सांगतो. दोन तास चित्रण, जाण्यायेण्याचा तास, आणि तीन रात्री प्रत्येकी दोन तास धरले तरी नऊ तास होतात. ४,००० रुपयांतून दुसऱ्या कॅमेऱ्याचे भाडे, पेट्रोल आणि झीज वजा केली, तर हातात तासाला तीनशेच्या आसपास राहतील. माझ्या मदतनिसाला मी सीझनमध्ये याहून जास्त देतो. म्हणजे पूर्ण दराची भाषा करूनही आपण मला न परवडणाऱ्या दरातच उतरत आहात. ६,००० च्या खाली येऊ नका. तसे केलेत तर माझा निम्मा आक्षेप जाईल. उरलेला निम्मा, म्हणजे वाईट महिन्यात आपल्याला पगार आहे आणि मला नाही हा, कोणत्याही दराने मिटणारा नाही, आणि तो मी मागेही घेत नाही.