घडीची पत्रिका: 300 चं आर्ट कार्ड की 250 ची आयव्हरी?

शिरपूर_पत्रिका:
आखाजीनंतरच्या लग्नाची पत्रिका करायची आहे, 500 प्रती, डिजिटल छपाई. उघडी 10 बाय 7 इंच, मधोमध घडी. बाहेरून सगळा गडद मरून, आत पांढऱ्यावर मजकूर. प्रेसमध्ये 300 जीएसएम आर्ट कार्ड सुचवलंय. पण नमुने हातात घेतले तर 250 ची आयव्हरी त्याहून जाड लागते. असं कसं? शिवाय नेटवरून घेतलेल्या डिझाइनवर '80 पाउंड कव्हर' लिहिलंय, ते इथं दुकानात काय म्हणून मागायचं? आणि घडीवर रंग फुटू नये म्हणून काय करावं?

कागद_भुसावळ:
जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये. जाडी नव्हे. आर्ट कार्डाला दोन्ही बाजूंनी मातीचा लेप असतो आणि ते दाबून गुळगुळीत केलेलं असतं, म्हणून 300 चं कार्ड साधारण 0.27 ते 0.30 मिमी भरतं. आपल्याकडे आयव्हरी म्हणून बहुतेक वेळा एफबीबी (फोल्डिंग बॉक्स बोर्ड, थरांचा पुठ्ठ्यासारखा कागद) मिळतो. त्याच्या मधल्या थरात फुगीर लगदा असतो, त्यामुळे 250 चाच 0.37 ते 0.40 मिमीपर्यंत जातो. तुमच्या बोटांना लागलं ते बरोबरच आहे. पत्रिका हातात ताठ उभी राहायला हवी असेल तर वजनापेक्षा जाडी बघा.

पाउंडाचा हिशोब अमेरिकेतला. ठरावीक मापाच्या 500 शीटचं वजन, आणि ते माप कागदाच्या जातीगणिक वेगळं: कव्हरला 20 बाय 26 इंच, टेक्स्टला 25 बाय 38. म्हणून 80 पाउंड कव्हर म्हणजे 216 जीएसएम, पण 80 पाउंड टेक्स्ट म्हणजे जेमतेम 118. पुढचा शब्द वाचल्याशिवाय नुसता आकडा सांगू नका, दुकानदार भलताच कागद काढून देईल. तुम्ही 220 किंवा 230 मागा. घडीच्या पत्रिकेला मी 250 म्हणेन.

दिलेला कागद खरंच 250 चा आहे का, हे तपासायला 10 बाय 10 सेंमीचा चौकोन नीट कापून सराफाच्या काट्यावर ठेवा. 2.5 ग्रॅम भरला तर 250. दोन-चार टक्के इकडेतिकडे चालतं. 2.2 भरला तर परत करा.

पाचोरा_प्रेस:
घडीचं मी सांगतो, कारण पत्रिका तिथंच बिघडते. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे तंतू एका दिशेनं पडलेले असतात. घडी ग्रेनला समांतर आली की स्वच्छ बसते. आडवी आली की तंतू तुटतात, लेप फुटतो आणि मरूनमधून पांढरी रेघ डोकावते. ओळखायचं कसं? एकाच शीटमधून उभी आणि आडवी अशा दोन सारख्या पट्ट्या कापा आणि टोकाला धरून आडव्या सोडा. जी कमी वाकते तिच्या लांबीच्या दिशेनं ग्रेन.

नुसती हातानं घडी घालू नका, क्रिझिंग करून घ्या, म्हणजे घडीच्या जागी पट्टी दाबून रेघ पाडून घ्या. हाफ कट तर नकोच, त्यात वरचा थर कापला जातो आणि पत्रिका चार वेळा उघडली की फाटते. क्रिझिंगची पट्टी 0.7 मिमीची असेल तर खालच्या चॅनेलची, म्हणजे पट्टी जिच्यात दाबते त्या खाचेची, रुंदी = 0.7 + कागदाच्या जाडीची दीडपट. एफबीबी 0.38 मिमीचा असेल तर 1.3 मिमी, आर्ट कार्ड 0.28 चं असेल तर 1.1. चॅनेल अरुंद झालं की कागद तिथंच चिरतो, फार रुंद झालं की घडी वाकडी पडते. पट्टी मरून बाजूनं दाबायची म्हणजे उभार आत येतो, आणि तो घडीच्या आतच राहिला पाहिजे. बरेच जण उलटं दुमडतात आणि मग कागदाला दोष देतात.

मरूनवर मॅट लॅमिनेशन, म्हणजे बिनचकाकीची पातळ प्लास्टिक फिल्म, करा, पण आधी लॅमिनेशन, मग क्रिझिंग.

धुळे_डिझाइन:
लॅमिनेशन बाहेरच्या बाजूलाच ठेवा भाऊ. आतून केलं तर हळद-कुंकवाचं बोट त्यावर धरत नाही, घसरतं, आणि जेल पेननं लिहिलेलं नाव पुसलं जातं. एफबीबीची मागची बाजू बहुधा बिनलेपाची असते, तिथं दोन्ही बसतं. ती बाजू किंचित पिवळसर दिसते. शुभ्र पांढरीच हवी असेल तर एसबीएस (सगळे थर शुभ्र लगद्याचे असलेला बोर्ड) मागा, महाग पडेल.

एका बाजूच्या लॅमिनेशनला आपल्याकडच्या उन्हात एक अडचण येते. फिल्म जागची हलत नाही, कागद मात्र कोरड्या हवेत ओल सोडून आकसतो आणि पत्रिका आतल्या बाजूला वळते. छपाईपर्यंत शीटचं वेष्टन फोडू नका. तयार गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून सपाट वजनाखाली ठेवा. कूलरच्या झोतासमोर ठेवलेत तर उलटा त्रास, कडा ओल धरून लहरतात.

शिरपूर_पत्रिका:
13 बाय 19 च्या शीटवर किती बसतील? शीट किती लागतील?

पाचोरा_प्रेस:
10 बाय 7 च्या दोनच बसतात, म्हणजे 250 शीट. माप 8.75 बाय 5.75 केलंत तर ब्लीडसकट (कापताना जाणारी कडेची जादा छपाई धरून) एकेक 9 बाय 6 होते आणि चार बसतात, 125 शीटमध्ये काम होतं. पण मग घडी 13 च्या बाजूला समांतर येते, म्हणून ग्रेनही 13 च्या दिशेचा, शॉर्ट ग्रेन, लागेल. मोठ्या शीटमधून कापून घेताना दुकानात तसं आधीच सांगा. तो नाही मिळाला तर दोनाचीच मांडणी ठेवा, तिथं घडी 19 च्या दिशेनं येते आणि लाँग ग्रेन चालतो. क्रिझिंग-लॅमिनेशनच्या वायासाठी वर 15 शीट धरा, आणि सगळी छापण्याआधी एक शीट लॅमिनेशन, क्रिझिंग, घडी असं पूर्ण करून उन्हात तासभर ठेवून बघा.