सूर्य मावळायची जागा बदललीय का? (मदत हवी आहे)

वाघबीळची_सून:
नमस्कार मंडळी, प्रश्न येडपट वाटेल पण तीन दिवस घरात यावरून वाद चाललाय म्हणून विचारतेय. नोव्हेंबरात आम्ही घोडबंदर रोडला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो, बाल्कनी पश्चिमेला, समोर येऊरचा डोंगर आणि किचनची खिडकी उत्तरेला. एजंट तेव्हा छातीठोकपणे म्हणाला होता, मॅडम किचनला ऊन येणारच नाही, बारा महिने थंड. आणि खरंच फेब्रुवारीपर्यंत एक तिरीप आली नाही हो! आता एप्रिल संपत आला तर पाचनंतर ओट्याच्या उजव्या टोकाला उन्हाची पट्टी पडायला लागलीय, बरोबर जिथे तुपाची बरणी असते तिथेच, सात वाजेपर्यंत तुपाचं पाणी.

बाल्कनीतही तेच. सासूबाई रोज खुर्ची टाकून चहा पितात, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे डिसेंबरात सूर्य ग्रिलच्या डावीकडून तिसऱ्या गजाआड जायचा, आता तेराव्या. वर त्या म्हणतात, आमच्या गुहागरला जन्मात कधी जागा बदलली नाही. त्यात काकांनी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला की पृथ्वीचा आस कललाय. जाणकारांनी प्रकाश टाकावा (किचनमध्ये नको).

गच्चीवरची_दुर्बीण:
आस कललेलाच आहे ताई, साधारण २३.४ अंश, आणि म्हणूनच हे सगळं होतं. सूर्य बरोब्बर पश्चिमेला वर्षातून दोनदाच मावळतो, २०-२१ मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या आसपास. ठाण्यातून बघितलं तर २१ जूनला तो पश्चिमेच्या २५ अंश उजवीकडे म्हणजे उत्तरेकडे असतो, आणि २१-२२ डिसेंबरला तेवढाच डावीकडे. एकूण ५० अंश झाले. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, म्हणजे क्षितिजावर पाच मुठी मोजा. मार्चमध्ये तर तो रोज जवळपास स्वतःच्या आकाराएवढा सरकतो, जून-डिसेंबरात मात्र आठवडाभर बघितलं तरी हलल्यासारखा वाटत नाही. तुम्ही आलात तेव्हा तो डाव्या टोकाजवळ रेंगाळत होता म्हणून तीच त्याची जागा वाटली.

एजंटचं निम्मं खरं, हिवाळ्यात उत्तरेच्या खिडकीला ऊन नाहीच. पण आत्ता दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य उत्तरेच्या बाजूला जातो, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे भर माध्यान्हीलासुद्धा तो डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो. जूनमध्ये ती पट्टी अजून रुंद होईल, ढगांनी कृपा केली तर सुटाल.

खाडीपलीकडचा:
एक शंका, आई दोन्ही वेळेला खुर्ची त्याच फरशीवर ठेवत होत्या का? खुर्ची वीतभर सरकली तरी गज बदलतो. फरशीवर खडूची खूण करा आणि मग मोजा.
बाकी सगळं मान्य, पण मग संक्रांतीला उत्तरायण कसं काय, तुम्ही तर डिसेंबर म्हणताय?

गच्चीवरची_दुर्बीण:
वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. आपली संक्रांत ताऱ्यांच्या राशीवरून धरतात आणि आसाची दिशा २६ हजार वर्षांत एक गिरकी घेते, त्यामुळे दर ७०-७२ वर्षांना एक दिवस याप्रमाणे ती मागे पडत गेलीय. तिळगूळ १४ जानेवारीलाच खा, काही बिघडत नाही.

काकांच्या फॉरवर्डचं मूळ बहुतेक २०२३ च्या एका संशोधनात आहे. जमिनीखालचं पाणी उपसल्याने १९९३ ते २०१० मध्ये भ्रमणध्रुव (पृथ्वीच्या आसाचं टोक) ८० सेंटीमीटरच्या आसपास सरकला असं त्यात होतं. ते खरंय, पण एवढ्याशाने तुमच्या ग्रिलचा गज बदलत नाही.

वाघबीळची_सून:
खूप खूप आभार! आईंना वाचून दाखवलं. खुर्ची त्याच फरशीवर असते, कुंडी आणि कपड्यांचा स्टँड यांच्या मध्ये, दुसरीकडे जागाच नाही. गुहागरचं विचारलं तर आधी चिडल्या, मग जरा वेळाने म्हणाल्या, समोर नुसतं पाणी, खूण कशाची ठेवणार, आणि त्या वेळेला मी दिवाबत्तीत असायचे, बघत कोण होतं. आता तेराव्या गजाला लाल दोरा बांधलाय आणि जूनपर्यंत रोज बघणार म्हणतात. काकांना उत्तर त्याच देणार आहेत, मी मध्ये पडत नाही.

आता खरा प्रश्न. किचनच्या त्या खिडकीला सप्टेंबरपर्यंत काय लावू, बांबूची चिक की काचेला फिल्म? अंधार नकोय, तिथेच तांदूळ निवडते.

खाडीपलीकडचा:
चिकच, आणि ग्रिलच्या बाहेरून. ऊन काचेच्या आत आलं की ओटा तापतोच, मग आतून काय वाट्टेल ते लावा. पावसाळ्यात काढून ठेवा नाहीतर बुरशी येते, आमच्याकडे आली. आणि तुपाची बरणी तेवढी डावीकडे सरकवा की हो!