३५० ला १.६ चे रोलर रॉकर टाकतोय, जुन्या स्प्रिंग चालतील का?

सी१०_वाला
मंडळी, मी ह्यूस्टनला असतो, गॅरेजमध्ये १९७९ ची शेवरोले सी१० आहे, इंजिन ३५० स्मॉल ब्लॉक (३५० घन इंची व्ही८), हेड कंपनीचेच. आधीच्या मालकाने कॅम बदललाय, हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट (म्हणजे लोबवर सपाट बुडाने घासणारे लिफ्टर), कार्डावर लोब लिफ्ट, म्हणजे कॅमच्या उंचवट्याची उचल, ३०० थाऊ लिहिलीय (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आता पत्र्याचे १.५ चे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफा, लोबची उचल दीडपट करणाऱ्या) काढून अॅल्युमिनियमचे १.६ रोलर घेतलेत. दुकानदार म्हणतो सोबत जाड डबल स्प्रिंग घेऊन टाक म्हणजे टेन्शनच नाही. घेऊ का, की आहेत त्याच राहू देत? ५५०० आरपीएमच्या वर नेत नाही कधी.

वर्निअर_आणि_चहा
अरे टेन्शन तिथूनच तर सुरू होतं. हिशोब बघ, ३०० गुणिले १.५ म्हणजे ४५० थाऊ लिफ्ट, १.६ ने ४८०. समजा स्प्रिंग १.७०० इंच हाइटला बसवल्यावर ११० पाउंड आहे आणि रेट ३५० पाउंड पर इंच, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर आधी २६७ पाउंड यायचे, आता २७८. किरकोळ वाटतं ना? पण लोबवर जोर येतो तो रॉकरच्या रेशोने गुणून, म्हणजे आधी साधारण ४०० होता तो आता ४४५, अकरा टक्के वाढला तोही त्याच स्प्रिंगवर! त्यात डबल स्प्रिंग घातलीस की फ्लॅट टॅपेटचे लोब खाऊन टाकेल.

पण जुन्याही ठेवू नकोस. रेशो वाढला की त्याच आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त जोरात फेकला जातो, दमलेली स्प्रिंग त्याला आवरू शकत नाही, व्हॉल्व्ह फ्लोट (व्हॉल्व्ह वेळेवर बंद न होणं) लवकर येतो. कॅमच्या कार्डावर सीट प्रेशर (व्हॉल्व्ह बंद असतानाचा स्प्रिंगचा जोर) दिलेलं असतं, त्याच्या आसपासची नवी सिंगल स्प्रिंग डँपरवाली (थरथर दाबणारी पट्टी आत असलेली) घे.

रेव्ह_लिमिटर
रोलर रॉकर हलके असतात ना, मग मऊ स्प्रिंग चालायला पाहिजे की?

वर्निअर_आणि_चहा
तराजूवरचं वजन सोड, टोकाला किती वजन आहे ते बघ. मधल्या ट्रनियनजवळचं (रॉकर ज्यावर डोलतो त्या आसाजवळचं) वजन फारसं हलतच नाही, पण रोलरची पिन आणि चाक व्हॉल्व्हच्या बाजूला अगदी टोकाला बसतं, ते स्प्रिंगलाच ओढून आणावं लागतं. काही अॅल्युमिनियम रॉकर या बाबतीत पत्र्याच्या रॉकरपेक्षा जडच पडतात.

ग्रीसचे_हात
प्रेशरवरच अडकलात सगळे, जागा कोण मोजणार? हाइट १.७०० मधून ४८० थाऊ गेले की उरले १.२२०. स्प्रिंग पूर्ण दबून कॉइल चिकटतात ती उंची १.१५० असेल तर ७० थाऊ शिल्लक, निदान ६० तरी पाहिजेतच. दुसरं म्हणजे रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) खाली येऊन गाइडच्या (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीच्या) सीलवर आपटतो, जुन्या कंपनी हेडला एवढ्या लिफ्टवर हाच खरा घोळ असतो. हलकी चेकिंग स्प्रिंग घाल, डायल लाव, हाताने क्रँक फिरवून बघ, ५० थाऊ तरी सुटले पाहिजेत, नाहीतर गाइड कापून घ्यावे लागतील. आणि १.६ ला पुशरॉड (लिफ्टरपासून रॉकरपर्यंतची दांडी) स्टडच्या (रॉकर धरणाऱ्या खांबाच्या) बाजूला सरकतो, हेडमधल्या खाचेला घासतो का तेही बघ.

सी१०_वाला
बापरे. बरं, स्टड बदलावे लागतील का? ठोकून बसवलेले आहेत, थ्रेडवाले नाहीत.

ग्रीसचे_हात
मग दुकानदाराची डबल स्प्रिंग विसरच, असले स्टड जास्त प्रेशरला हळूहळू वर उपटून येतात, लॅश (रॉकरची फट) सारखी ढिली होत राहते आणि माणूस लिफ्टरला शिव्या घालत बसतो. गाइडसाठी हेड काढणारच असशील तर त्याच खेपेला थ्रेडवाले स्टड आणि गाइड प्लेट (पुशरॉडला सरळ धरणारी पट्टी) करून घे, पण आधी रॉकर सेल्फ-अलाइनिंग (व्हॉल्व्हच्या टोकावर स्वतःच जागा धरणारे) नाहीत ना ते बघ, ते आणि गाइड प्लेट एकत्र चालत नाहीत. फ्लॅट टॅपेट असल्याने तेल मात्र झिंकवालंच टाक.