मदत हवी आहे : समाजसेवेचे तास भरल्याशिवाय शाळेचं प्रमाणपत्र नाही, हे पटतं का?

नमस्कार मंडळी. मुलीच्या शाळेने पालकांचं लेखी मत मागवलंय. शेवटच्या वर्षाचं प्रमाणपत्र देण्याआधी समाजसेवेचे तास सक्तीचे करावेत का, असा प्रश्न आहे. माझं काही केल्या ठरत नाहीये.

नियम नवा नाही. अमेरिकेत मेरीलँडमध्ये ७५ तासांची अट आहे, कॅनडातल्या ऑन्टारियोत ४० तासांची. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेममध्ये ६० तासांच्या सक्तीविरुद्ध काही जण कोर्टातही गेले. ही वेठबिगारीच आहे, असं त्यांचं म्हणणं. अपील कोर्टाने १९९३ मध्ये ते फेटाळलं. कायद्याने चालतं म्हणजे योग्यच, असं मात्र मला वाटत नाही.

मला खरी धास्ती आहे ती सह्यांची. ओळखीच्या संस्थेत जायचं, कपाटातल्या फायली इकडच्या तिकडे करायच्या, दोन फोटो काढायचे आणि तीन तासांच्या रकान्यात सहा लिहून शिक्का मारून घ्यायचा. शिवाय जी मुलं शाळा सुटल्यावर कामाला जातात किंवा घरी धाकट्यांना सांभाळतात, त्यांनी हे तास आणायचे कुठून? (घरच्या आजारी आजीची सेवा यात धरतात का, कोण जाणे!) दुसरीकडे, सक्ती नसेल तर माझी लेक मोबाईल सोडून वृद्धाश्रमाची पायरी चढणार नाही, हेही खरंच.

तुमच्या मुलांच्या शाळेत अशी अट असेल तर तास कोण तपासतं? अडचणीतल्या मुलांना सूट मिळते का? आणि अट संपल्यावरही कुणी जात राहिलं का? शिक्षक मंडळींनी जरूर लिहा. मत या आठवड्यातच द्यायचंय.